आखाजीचा ब्लोअर

३० एप्रिल २०२५, बुधवार. संध्याकाळी ७ वाजून २० मिनिटे.

मोरीपाशी बसून जुन्या टूथब्रशने नखांतले ग्रीस काढत होतो. तीनदा साबण लावला तरी बोटांचा वास जात नाही. आज चांदवडला एकटाच जाऊन आलो. येताना एसटीत पुढच्या सीटखाली कोणीतरी ओकलेले होते आणि कंडक्टरने त्यावर माती टाकून ठेवली होती. नाशिकपर्यंत पाय वर घेऊन बसलो.

काम रविराज गांगुर्डे यांच्याकडे होते. त्यांनी कांद्यासाठी नवी शेड बांधली आहे. खाली फळ्यांची जमीन, फळ्यांना फटी, फटींखाली हवेचा बोगदा आणि बोगद्याच्या तोंडाशी पाच हॉर्सपॉवरचा ब्लोअर. खालून हवा मारायची म्हणजे चाळीस टन कांदा दिवाळीपर्यंत टिकतो. ब्लोअर आमच्या गोविंदशेठने सातपूरच्या वर्कशॉपमधून दिला, जोडणीला मला पाठवले. आयटीआय अर्ध्यावर सोडल्यापासून एकट्याने केलेले हे पहिले मोठे काम.

साडेअकराला जोडणी झाली. ब्लोअरच्या अंगावर बाण छापलेला आहे, चाक त्याच दिशेने फिरत होते. मीटरवर ७.१ अँपिअर. फटींतून अशी हवा आली की शेड सांभाळणाऱ्या लहानूची टोपी उडून पत्र्याला लागली. तो पेठकडचा आहे, पन्नाशीचा, बायकोसह शेडशेजारच्या खोलीत राहतो. टोपी उचलून खूप हसला.

आज अक्षय्य तृतीया, म्हणून मग पूजा. रविराजभाऊंच्या आई झुंबरबाई यांनी पुलीला हळदीकुंकवाची पाच बोटे लावली आणि चालू कर म्हणाल्या. मी बटण दाबले. कुंकवाचे बोट डावीकडे सरकलेले त्यांनी पाहिले.

"थांब रे. हे उलटं फिरतंय."

"आजी, कंपनीचा बाणच तसा आहे."

"बाण कंपनीचा. फेऱ्या कोणाच्या? देवाला प्रदक्षिणा कोणत्या हातानं घालतोस तू? उलट्या फेऱ्या मयताला घालत्यात, खांद्यावर मडकं घेऊन. आज आखाजी. पितर दारात आल्यात आणि तू माझ्या घरात उलट्या फेऱ्या चालू करतोस व्हय?"

रविराजभाऊ हसले. "आईचं ऐक की. का बदलता येत नाही तुला?"

बदलता येते, असे मी म्हणालो. तीनपैकी कोणत्याही दोन वायरींची अदलाबदल केली की मोटार उलट फिरते, हे लहान पोरालाही कळेल. तरी शेठला फोन केला. शेठ म्हणाले, "हवा बाहेर येते ना?" चालवून पाहिले, येत होती. "मग बाण घाल खड्ड्यात. गिऱ्हाईक खूश तर आपण खूश. बिल देऊन ये."

लाल आणि निळी वायर बदलली. आता ४.६ अँपिअर. रविराजभाऊ म्हणाले, "वीजपण कमी खातो म्हणजे." मलाही बरे वाटले. लहानूने फटीवर हात धरला आणि म्हणाला, "दादा, आता हळू येतंय वारं." मी त्याला सांगितले की कांद्याला सारखी जोराची हवा मारायची नसते. हे मला कोणी सांगितले होते ते आठवत नाही.

झुंबरबाईंनी पुरणपोळी आणि आमरस वाढला. आमरसात माशी पडली होती. त्यांनी ती बोटाने काढून टाकली आणि वाटी मलाच दिली. मी प्यायलो.

१९ मे, सोमवार.

शेठने दुकानाची पाटी नवी रंगवून आणली. त्यावर 'विद्यूत' लिहिले आहे. द्युचा उकार पहिला असतो, जुन्या पाटीवरही चूकच होती. तीन वर्षे रोज त्या पाटीखालून आत जातो. आज सांगावेसे वाटले, पण शेठ पाटीशेजारी उभे राहून फोटो काढून घेत होते. त्यांच्या ओठांच्या कडेला गुटख्याचा फेस होता. फोटो मीच काढला.

११ जून, बुधवार.

रविराजभाऊंचा फोन आला. शेडमधून वास येतो आहे. "तुझा ब्लोअर चोवीस तास गुरगुरतोय आणि कांदा सडतोय, येऊन बघ." तुझा ब्लोअर म्हणाले. उद्या जातो.

१२ जून, गुरुवार.

आंघोळ दोनदा केली. शर्ट बादलीत डेटॉलमध्ये भिजवला आहे, बहुतेक फेकावा लागेल.

वरून कांदा चांगला दिसतो. कोरडा, टणक, लाल. ढिगात हात घातला तर कोपरापर्यंत गेल्यावर आत गरम लागले, आणि बोटे कशात तरी मऊ शिरली. बाहेर काढली तेव्हा पिवळट पाणी मनगटावरून बाहीत गेले. पाण्यात पांढऱ्या अळ्या होत्या, त्यांतल्या दोन माझ्या घड्याळाच्या पट्ट्यावर चढल्या. शेडमागे जाऊन ओकलो. लहानूने तांब्या आणून दिला. तांब्यालाही तोच वास होता.

सगळे क्रमाने तपासले. व्होल्टेज तिन्ही फेजचे ठीक. मोटार गरम नाही. पट्टा ताठ. बेअरिंगचा आवाज नाही. बोगद्यात पोटावर सरपटत गेलो, तिथे एक मेलेली घूस होती, फुगलेली. ती काढली. हवा अडेल एवढी ती मोठी नव्हती. फळ्यांच्या फटी मोकळ्या. दाराच्या फटीला रबर लावले. कांदा ओला भरला असेल असेही विचारले, तर रविराजभाऊ चिडले. "माझ्या बापानं मला बाकी काही शिकवलं नसेल, कांदा वाळवायला शिकवलंय."

लहानू मध्येच म्हणाला, "दादा, पहिल्या दिवशी जसा घोंगावत होता तसा नाय घोंगावत. ह्ये नुसतं धापा टाकतंय." मी त्याला म्हणालो की मशीन नवे असताना आवाज वेगळा असतो. मला तेव्हा त्याचा राग आला होता. हातावरचा चिकटपणा जात नव्हता आणि हा मध्ये मध्ये बोलत होता.

मग रविराजभाऊंनी मला बाजूला घेऊन विचारले, "रात्री कोणी बंद ठेवत असेल तर असं होईल का? आवाजानं झोप येत नाही म्हणून?"

मी म्हणालो, बंद राहिला तर असे होऊ शकते.

हे वाक्य तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे.

१८ जून, बुधवार.

दुपारी डबा खाताना लहानूचा फोन आला. रविराजभाऊंनी त्याला आजपासून शेडवर यायचे नाही असे सांगितले आहे. महिनाअखेर खोली रिकामी करायची. काल विजेचे बिल आले. शेठने कोटेशनमध्ये लिहून दिले होते की चोवीस तास चालवला तर महिन्याला सत्तावीसशे युनिट जळतील. बिल आले साडेसतराशे युनिटांचे. रविराजभाऊंनी हिशेब केला की ब्लोअर रोज सोळाच तास चालला. उरलेले आठ तास लहानूने झोपायला बंद ठेवला.

"चोर म्हणाले मला," लहानू म्हणाला. "झोप चोरली म्हणाले. दादा, मी एक घटका बंद नाय केला. बायको साक्षीला हाय, पण बायकोची साक्ष कोण घेतं. तुम्ही मशीनवाले, तुम्ही सांगा ना त्यांना. मशीनला कळत असंल ना, बंद होतं का चालू?"

बघतो म्हणालो. डब्यात कांद्याची भाजी होती. डबा तसाच बंद केला.

२० जून, शुक्रवार.

आज काही लिहायचे नव्हते. पण डोक्यातून जात नाही म्हणून लिहितो. साडेसतराशेला सत्तावीसशेने भागले. शून्य पूर्णांक सहा चार आठ. मग ४.६ ला ७.१ ने भागले.

तेच आले.

ब्लोअर बंद नव्हता. तो महिनाभर चोवीस तास चालला आणि चोवीस तास कमी वीज खाल्ली. कमी वीज खाल्ली, कारण कमी काम केले.

२१ जून, शनिवार.

शेठ साडेबाराला जेवायला गेल्यावर भंगारातला छोटा ब्लोअर टेबलाला आवळला. बाणाप्रमाणे फिरवला, तोंडासमोर वर्तमानपत्र धरले. कागद हातातून सुटून समोरच्या भिंतीला जाऊन चिकटला. दोन वायरी बदलल्या. आता कागद नुसता फडफडला.

नीट लिहून ठेवतो. भिंतीतला साधा पंखा उलटा फिरला तर हवा उलट ओढतो, पहिल्या मिनिटात कळते. ब्लोअरला बाहेरचे तोंड एकच. चाक उलटे फिरले तरी तो बाहेरच फुंकतो, फक्त अर्ध्या दमाने. म्हणून हवा येते का हा प्रश्नच चुकीचा होता. हवा येतच होती. वरच्या फटीवर हात ठेवला तर लागत होती. पाच फूट कांद्याच्या पोटात जाण्याइतकी नव्हती.

शेठ परत आले तेव्हा मी अजून वायरी सोडत होतो. सगळे सांगितले. त्यांनी आधी शटर अर्धे खाली घेतले.

"हे कोणाला बोललास?"

"नाही."

"मग बोलू नको. मशीनचा दोष निघाला तर चाळीस टन माझ्या डोक्यावर बसतील. सोमवारी जा, गुपचूप वायरी बदल, सर्व्हिसिंग केली म्हण. आवाज वाढला, हवा वाढली, तो तुलाच शंभर रुपये देईल."

"लहानूचं काय?"

"कोण लहानू?"

"शेडवरचा गडी."

"गड्याला काय, उद्या द्राक्षाच्या बागेत लागेल." त्यांनी दाढेतला बडीशेपेचा दाणा नखाने काढला, पाहिला आणि परत खाल्ला. मला त्यांची शिसारी आली. नंतर विचार केला की शेठने चांदवडला पाऊलही ठेवलेले नाही. बाण मी पाहिला होता. ७.१ मी वाचले होते. टोपी उडालेली मी पाहिली होती. आणि बंद राहिला तर असे होऊ शकते, हे माझ्या तोंडातून निघाले.

शेठच्या दाढेपेक्षा घाण.

२३ जून, सोमवार.

गेलो नाही. पोट बिघडले असे शेठला कळवले. पोट ठीक होते.

२४ जून, मंगळवार. संध्याकाळी ६.

सकाळी साडेसहाची एसटी धरली. शेठला फोन केला नाही.

शेडवर कोणी नव्हते. मेन स्विच बंद केला, स्टार्टर उघडला, लाल आणि निळी वायर बदलली. स्क्रू दोनदा आवळले. चालू केला. आधी आवाज आला, भरलेला. मग सगळ्या ढिगातून एकदम हवा वर आली आणि तिच्याबरोबर पोटातली सगळी घाण. डोळ्यांतून पाणी आले, घशात आंबट आले. वरच्या थराची सालपटे उडून माझ्या केसांत आणि तोंडात गेली. मीटर पाहिला. सात.

आवाज ऐकून रविराजभाऊ आले. नाकाला उपरणे लावलेले. "अरे, हे काय केलंस? आता कसा ओरडतोय."

मी सांगितले. बिलाचा भागाकार कागदावर करून आणला होता, तोही दाखवला. त्यांनी कागद बराच वेळ वाचला. मारतील असे वाटले.

"म्हणजे तू बदललेल्या वायरीमुळे."

"हो."

"आणि वायर तू बदललीस आईमुळे."

मी कागद परत घेतला.

त्यांनी मागे वळून घराकडे पाहिले आणि आवाज खाली केला. "हे बघ, झालं ते झालं. कांदा माझा गेला, मी बघतो तुझ्या शेठकडं. पण हे आईच्या कानावर घालू नको. तिनं आखाजीला हौसेनं केलंय, तिला कळलं तर ती अन्न सोडेल. सर्व्हिसिंग केली एवढंच बोल."

"मग लहानूनं बंद केला नव्हता हे कसं सांगणार?"

"ते राहू दे ना आता. त्याला मी पाचशे जास्त देतो जाताना."

"काय कळलं तर मी अन्न सोडेन?" झुंबरबाई दारात होत्या. केव्हापासून ते माहीत नाही. ब्लोअरच्या आवाजात पावले ऐकू येत नव्हती. त्या सरळ पुलीपाशी गेल्या आणि मला म्हणाल्या, बंद कर. बंद केला. चाक हळू झाले, तेव्हा त्यांना दिसले की ते डावीकडे फिरते आहे.

"ही बाजू खरी होती का रे?"

"हो, आजी."

"तुला त्या दिवशी माहीत होतं?"

"बाण तसा होता."

"बाणाचं नाय विचारत. तुला."

"संशय होता."

"मग मी बोलले तर तू का नाय बोललास? मी फेऱ्यांतलं जाणते, ते मी सांगितलं. मोटारीतलं तू जाणतोस. मी काय तुझी सासू लागते, तोंड वर करून बोलायचं नाय म्हणून?"

 मोठ्या माणसांना उलट बोलू नये एवढेच तोंडात येत होते. तेही बोललो नाही.

"उलट्या तर उलट्या," त्या म्हणाल्या. "चालू कर. आणि रवी, लहानूला बोलव. दारातून नको बोलवू, जाऊन घेऊन ये."

लहानू आला. सामानाची दोन बोचकी त्याने आधीच बांधलेली होती, त्याच्या बायकोच्या हातात कोंबडी होती. रविराजभाऊ माझ्यासमोर म्हणाले की ब्लोअर उलटा लागला होता, तुझी चूक नव्हती, उद्यापासून कामावर ये. एवढे बोलले, माफी वगैरे शब्द नव्हता. झुंबरबाई म्हणाल्या, "ऱ्हा बाबा. माझ्या सांगण्यानं झालं."

लहानूने वाकून झुंबरबाईंना नमस्कार केला. मग म्हणाला, "नाय आई. आता नाय राहायचं. गावात सगळ्यांना चोर म्हणून सांगून झालंय. म्हसोबाच्या टेकडीपर्यंत सांगून झालंय." रविराजभाऊ जमिनीकडे पाहत होते. "मला फक्त कागद द्या. पुढच्या मालकानं विचारलं तर दाखवीन. ह्या दादाचं अक्षर चांगलं हाय."

वहीतला मधला कागद काढला, दोन्ही बाजूंनी सरळ. पायरीवर बसून लिहिले. एकही खाडाखोड नाही. लहानूला वाचता येत नाही, म्हणून त्याला वाचून दाखवले:

"लहानू यांनी ३० एप्रिल ते १७ जून या काळात कांद्याच्या शेडचा ब्लोअर एकदाही बंद ठेवला नाही. ब्लोअरची जोडणी चुकीची झाली होती. त्यामुळे कांद्याचे नुकसान झाले."

त्याने पुन्हा वाचायला सांगितले. पुन्हा वाचले.

"झाली होती म्हंजे?" लहानूने विचारले. "आपोआप?"

"नाही, म्हणजे तशी झाली."

"माझं नाव हाय कागदात. ज्यानं केली त्याचं नाय का?"

त्याच्या आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. त्याला खरेच कळत नव्हते की कागदात असे कसे होते. मी वाक्य पाहिले. व्याकरणात कुठेच चूक नव्हती. चुकीची झाली होती. अशी वाक्ये मला लगेच सुचतात, विचारही करावा लागत नाही.

दुसरा कागद घेतला. "ब्लोअरची जोडणी मी चुकीची केली. योग्य दिशा दिसत असूनही मी ती बदलली. नंतर मालकांनी विचारले तेव्हा मी खरे सांगितले नाही, त्यामुळे लहानू यांच्यावर आळ आला." खाली पूर्ण नाव, साई देवराम पगार, सातपूरचा पत्ता, मोबाइल नंबर. रविराजभाऊंनी सही केली. झुंबरबाईंनी अंगठा उठवला. लहानूने कागद चौघडी करून टोपीत ठेवला आणि टोपी डोक्यावर घट्ट बसवली. पेठची गाडी नाशिकहून मिळते, म्हणून आम्ही एकाच एसटीने आलो. तो आणि त्याची बायको पुढे बसले. मी मागे. माझ्या कपड्यांना वास येत होता, शेजारी कोणी बसले नाही.

पोचल्यावर शेठचा फोन आला. उद्यापासून येऊ नको म्हणाले. आणखीही बोलले, ते लिहीत नाही.

खर्च: एसटी जाऊन येऊन २४०. इन्सुलेशन टेप २०. डेटॉल ४५. एकूण ३०५.

येणे: गोविंदशेठकडून जूनच्या चोवीस दिवसांचा पगार. मिळेल असे वाटत नाही.

देणे: रविराज गांगुर्डे, सडलेला कांदा. अजून निवडायचा आहे, वजन झाल्यावर कळवतो म्हणाले.

देणे: लहानू. १८ तारखेला त्याने फोन केला, कागद मी आज दिला. सात दिवस, रोज ४५० मजुरीप्रमाणे ३,१५०. त्याने मागितलेले नाहीत. त्याचा नंबर उतरवून घेतला आहे.